टेंभुर्णीची टाकी आणि देब यांचे पुस्तक

बारावीच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंग शिकवताना उद्दिष्ट एकच असते: नफा जास्तीत जास्त, नाहीतर खर्च कमीत कमी. गावात प्रश्न असा सुटा येत नाही. समजा, जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीत पाण्याची एक टाकी बांधायची आहे. खर्च कमी हवा आणि सर्वांत दूरच्या घरापासूनचे अंतरही कमी हवे. जागा चार (आकडे केवळ गणितापुरते): अ – 10 लाख रुपये, 500 मीटर, ब – 20 लाख, 100 मीटर, क – 16 लाख, 310 मीटर, ड – 17 लाख, 350 मीटर.

ड लगेच बाद होते. क तिच्यापेक्षा स्वस्तही आहे आणि जवळही. उरलेल्या तिघींपैकी कोणतीच दुसरीला दोन्ही बाबतींत हरवत नाही. अशा पर्यायांना इटालियन अर्थशास्त्रज्ञ पारेतो (1848–1923) यांचे नाव मिळाले आहे.

आता आपली नेहमीची युक्ती करू: भारांक देऊन बेरीज. एक लाख रुपये म्हणजे य मीटर असे धरा. क ही अ-पेक्षा सरस ठरायला य सुमारे 31.7 पेक्षा कमी हवा, आणि ब-पेक्षा सरस ठरायला 52.5 पेक्षा जास्त! म्हणजे भारांक कोणताही घ्या, क कधीच निवडली जात नाही. गावाला कदाचित तीच जागा पटली असती. फळ्यावर करून पाहा, दहा मिनिटे पुरतात.

कल्याणमय देब यांचे 'मल्टि-ऑब्जेक्टिव्ह ऑप्टिमायझेशन युजिंग इव्होल्यूशनरी अल्गोरिदम्स' (2001) हे पुस्तक इथेच उपयोगी पडते. तेव्हा ते कानपूरच्या आयआयटीत होते. त्यांचे म्हणणे असे की, आधी भारांक विचारू नका. सगळे तुल्यबळ पर्याय समोर मांडा, मग निवडा. चार जागांना संगणक लागत नाही. पण नळाचे 30 तुकडे आणि प्रत्येकाला 5 व्यासांची मुभा असेल, तर पर्यायांची संख्या 21 अंकी होते. देब यांची रीत उत्तरांचा एक जथा घेते, त्यांच्या संकरातून नवी उत्तरे काढते, जुनी-नवी एकत्र करून सरस तेवढी ठेवते. सारखीच सरस असतील तर विरळ जागेतल्याला पसंती मिळते, म्हणजे सगळी एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत. त्यांच्या 1994 च्या पहिल्या रीतीत 100 उत्तरे व 2 उद्दिष्टे असता प्रतवारीला वाईटात वाईट 20 लाखांच्या घरात तुलना लागत. सुधारित रीतीत 20 हजारांच्या घरात.

तक्रारी दोन. कसोटीची बरीचशी उदाहरणे मुद्दाम रचलेली गणिती फले आहेत. त्यांवरची यशस्विता पाहून शिक्षकाने हुरळू नये. उद्दिष्टे चार-पाचांच्या पुढे गेली की जवळजवळ प्रत्येक उत्तर तुल्यबळ ठरते आणि चाळणी बोथट होते. त्यावरचा इलाज देब व जैन यांनी 2014 मध्ये मांडला. दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते. पर्याय शोधण्यावर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत, त्यांतून एक कोणी व कसा निवडायचा याला त्या मानाने फारच थोडी जागा. अ निवडली तर 500 मीटर चालणारे घर ग्रामसभेत काय म्हणेल, हे कोणत्याच फलात बसलेले नाही.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण भारांकांची मर्यादा सांगणारे तिसरे प्रकरण बारावीचे गणित झालेल्या विद्यार्थ्याला थोड्या मदतीने वाचता येईल.