दोन घरांमधील मुलगी

कौटुंबिक परिस्थिती मुलीचे व्यक्तिमत्त्व घडविते, हे विधान इतके सर्वमान्य आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. वाङ्मयाचा अभ्यासकही कडक वडील, सोशिक आई आणि बालविवाह एवढी सामग्री हाती आली, की नायिकेचा स्वभाव उलगडला असे मानून मोकळा होतो. हा समज कितपत टिकतो, हे पाहण्यास दोन ग्रंथ पुरेसे आहेत: १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी आणि लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला.

बाह्य परिस्थिती दोहोंकडे जवळजवळ एकच आहे. यमूच्या घरी वडिलांचा शब्द म्हणजे कायदा. लक्ष्मीबाईंच्या घरी १८५७ च्या उठावानंतर एका आप्तास फाशी झाली आणि तेव्हापासून वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. सारे घर त्या वेडाभोवती फिरू लागले. दोघींचीही लग्ने कोवळ्या वयातच झाली. लक्ष्मीबाई १८८० मध्ये टिळकांच्या घरी आल्या, तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. ज्यास आपण आज किशोरवय म्हणतो, ते त्या काळी माहेर आणि सासर यांमधील एका उंबरठ्याएवढेच होते.

तरीही या दोन मुली एकमेकींसारख्या होत नाहीत. मोठ्यांच्या धाकात वाढलेली यमू बोलण्याआधी पाहावयास शिकते. कोणाचा आवाज चढला, कोण गप्प झाले, हे टिपणे ही तिच्या संरक्षणाची गरज असते. आपट्यांनी तिच्याच तोंडून कथा सांगविली, तिचे बळही याच निरीक्षणात आहे. मात्र तिच्या मनास मोकळे होण्यासाठी ऐकणारा माणूस लागतो. प्रथम तो दादा असतो, पुढे रघुनाथराव. पती गेल्यावर तिचे केशवपन होते, तेव्हा केवळ केस जात नाहीत; तिचे ऐकणारे घरच नाहीसे होते.

लक्ष्मीबाईंना असा श्रोता सहजासहजी लाभला नाही. टिळक प्रेमळ खरे, परंतु लहरी. न सांगता घर सोडून जाणारे. मग लक्ष्मीबाईंनी आपल्या विनोदालाच सोबती केले. बापाच्या विक्षिप्तपणाकडे त्या ज्या मिस्किल ममतेने पाहतात, त्याच नजरेने त्या स्वतःच्या फजितीकडेही पाहतात. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्यामागोमाग त्या लगेच गेल्या नाहीत. जातिभेद त्यांनी पुढे सोडला, तोही स्वतः विचार करून. सोवळ्याच्या घरातच सोवळ्याविषयी प्रश्न विचारण्याची वृत्ती वाढली, असे म्हणावयास हरकत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. यमू ही सुधारणावादी पुरुषाची निर्मिती आहे, तर लक्ष्मीबाईंनी बालपण लिहिले ते उतारवयात. त्यांचे हसू त्या मुलीचे की त्या वृद्धेचे? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच हे ग्रंथ समाजशास्त्राचे कागदपत्र म्हणून वाचू नयेत. तथापि दोन्ही ग्रंथ मिळून एवढे निश्चित दाखवितात, की परिस्थिती ही साचा नसून केवळ सामग्री आहे. तिचे काय होणार, हे मुलीचे म्हणणे ऐकले जाते की नाही आणि न ऐकले गेल्यास ते जपून ठेवण्याची शक्ती तिच्यात आहे की नाही, यावर अवलंबून राहते.

१८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केले. १९७८ पासून मुलीच्या विवाहाचे किमान वय अठरा आहे. कायद्याने तो उंबरठा रुंद केला. परंतु त्यावर उभ्या असलेल्या मुलीचे लक्षात कोण घेतो, हा आपट्यांचा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. मुलीला परिस्थितीचा बळी ठरवून पुस्तक मिटणारा समीक्षकही तिचे ऐकत नसतो.