तळ्यातील नायट्रेट आणि गाळातील वीज

गाळातून वीज मिळते आणि तळ्यातील नायट्रेटही निघून जाते, हे ऐकून कोणाचेही कुतूहल जागे होईल. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील यिफेंग झांग व इरिनी अँजेलिडाकी यांचा या विषयावरील शोधनिबंध २०१२ साली ‘वॉटर रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. तो आम्हांला मोलाचा वाटतो, मात्र विजेमुळे नव्हे.

प्रथम रचना पाहू. ऑक्सिजनविरहित गाळातील काही जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण करतात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन गाळात पुरलेल्या ॲनोडला देतात. तारेतून ते वरच्या पाण्यातील कॅथोडवर पोचतात. तेथे वाढलेले दुसरे जिवाणू ते घेऊन नायट्रेटचे क्षपण करतात व शेवटी नायट्रोजन वायू निघतो.

निबंधाचे खरे बळ तुलनेत आहे. परिपथ पूर्ण असताना ६२ टक्के नायट्रोजन निघाला. परिपथ तोडल्यावर, किंवा कॅथोडवर जिवाणू नसताना, हे प्रमाण जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आले. शिवाय निघालेल्या नायट्रेटपैकी सुमारे ८५ टक्क्यांचा वायू झाला, असा हिशेबही मांडला आहे. नायट्रेट गेले एवढ्यावर न थांबता ते कोठे गेले हे दाखवणे, हा वर्गात सांगण्याजोगा धडा आहे.

आता मर्यादा. पाणी तळ्यातले नव्हते. प्रयोगशाळेत तयार केलेले होते. गाळात ॲसिटेट घालावे लागले, म्हणजे जिवाणूंना बाहेरून खाद्य मिळाले. पाण्यातला ऑक्सिजनही आड येतो, कारण कॅथोडवरील इलेक्ट्रॉन तोही पळवतो. उघड्या तळ्यात शेवाळ दिवसभर ऑक्सिजन सोडत असते, हे विसरून चालणार नाही.

विजेचे काय? कमाल शक्ती दर चौरस मीटरला ४२ मिलिवॅट होती. याच दराने हेक्टरभर इलेक्ट्रोड पसरले तरी ४२० वॅट मिळतील. त्यावर घरातला एक मिक्सरही धड चालणार नाही.

नायट्रेटचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. १४ ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनचा वायू होण्यास ५ मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे सुमारे ४,८२,००० कूलोम विद्युतभार लागतो. समजा, दर चौरस मीटरला १०० मिलिॲम्पिअर प्रवाह अखंड मिळाला आणि सगळा नायट्रेटवरच खर्च झाला. तर दिवसाला ८,६४० कूलोम, म्हणजे पाव ग्रॅम नायट्रोजन निघेल. पाणी २ मीटर खोल असेल व लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर चौरस मीटरखाली २० ग्रॅम साठा होतो. सगळ्या तळावर इलेक्ट्रोड अंथरूनही ८० दिवस लागतील, तेही नवे सांडपाणी किंवा शेतातील खत तळ्यात येत नसेल तर!

म्हणून नायट्रेटचा ओघ उगमाशीच अडवण्याला हे तंत्र पर्याय नाही. ओघ थांबल्यावर उरलेल्या साठ्यासाठी ते कदाचित उपयोगी पडेल. पण तसे म्हणण्यापूर्वी खऱ्या तळ्यात, ॲसिटेट न घालता, सर्व ऋतूंत ते चालवून पाहिले पाहिजे.