कंपनी म्हणजे कोण?

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या गावोगावी मंडईच्या नि शंकरपटाच्या निमित्ताने रात्र रात्र खेळ रंगतात. वडशाहून कंपन्यांच्या गाड्या निघतात, आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही निघतो. गेल्या वर्षीची नायिका यंदा दुसऱ्याच कंपनीत गेलेली असते, विनोदी नट तिसरीकडे. फलकावरचे नाव मात्र तेच. मग धानोऱ्यातला एखादा जाणता प्रेक्षक मान हलवून सांगतो, "नाव राहिले, कंपनी गेली." दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो की यंदाचा संच गेल्या वर्षीपेक्षा सरस आहे. दोघेही पदरमोड करून तिकीट काढणारे. तेव्हा त्यांचा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कंपनी म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न टीकाकारानेही एकदा नीट विचारायला हवा.

साता समुद्रांपलीकडे रॉक संगीताचे चाहते हेच भांडत आले आहेत. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले आता ते संगीत ऐकतात; त्यांच्यामुळे त्यातले थोडेफार माझ्याही कानावर पडले. 'डीप पर्पल' हा इंग्लंडमधला संच १९६८ साली उभा राहिला. गायक बदलले. रिची ब्लॅकमोर हा गिटारवादक १९७५ साली बाहेर पडला, त्याच्या जागी टॉमी बोलिन आला, आणि पुढच्याच वर्षी संच मोडला. १९८४ मध्ये तो पुन्हा जुळला. त्यानंतरही माणसे येत-जात राहिली. खरा संच कोणता, यावर चाहत्यांची पिढ्यान् पिढ्या जुंपलेली आहे. परंतु या सगळ्या उलथापालथीत पहिल्यापासून टिकून राहिलेला माणूस एकच, आणि तो गायक नव्हे, गिटारवादकही नव्हे. तो ड्रम वाजवणारा इयन पेस. ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते.

आपल्याकडे या वादाला शंभर वर्षांहून अधिक वय आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. १८८५ मध्ये ते गेले, तरी मंडळी चालली. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर ती बहरली; १९०१ मध्ये भाऊराव गेले आणि आता मंडळी बुडणार असे वाटावे अशी वेळ आली. १९०५ मध्ये बालगंधर्व आले. १९११ च्या मार्चमध्ये 'मानापमान' गाजले, आणि त्याच वर्षी त्यातले धैर्यधर, नानासाहेब जोगळेकर, निवर्तले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्करांच्या छत्राखाली मग दीनानाथ मंगेशकरांचा तरुण आवाज घुमू लागला, आणि १९१८ मध्ये तेही बळवंत संगीत मंडळी काढून निघाले. एका नावाखाली इतकी माणसे नांदली. यांतली खरी 'किर्लोस्कर' कोणती?

भाऊराव मोठे की बालगंधर्व, जोगळेकर की दीनानाथ, अशी तुलना करण्यात आपण पुष्कळ शाई खर्च केली. मला ती व्यर्थ वाटते. गळे तागडीत घालून तोलता येत नाहीत. विचारायचे ते हे, की एक माणूस गेल्यावर कंपनीने दुसऱ्यासाठी जागा कशी केली? गेलेल्याची नक्कल त्याच्याकडून करून घेतली, की त्याच्या गळ्याला मानवेल असे गाणे त्याला दिले? दीनानाथांनी पुढे धैर्यधर उभा केला तो जोगळेकरांची सावली म्हणून नव्हे. त्यांची ती उसळती, अंगावर येणारी तान त्यांचीच होती. भूमिका जुनी, पदे जुनी, पण गाणे नवे. संच बदलूनही नाटक जिवंत राहते ते अशाने.

आणि असे होण्यासाठी कुणीतरी खाली बसून त्या नव्या गळ्याला सांभाळावे लागते. 'मानापमान'च्या चाली देणारे टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते, हा योगायोग नव्हे. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. भास्करबुवा १९२२ मध्ये गेल्यावर तो वारसा त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांनी पुढे नेला. बालगंधर्वांच्या लाडिक जागांचे आपण कौतुक करतो. ती जागा संपून गाणे समेवर अलगद उतरेपर्यंत ठेका धरून बसणाऱ्याचे किती करतो?

यावर कुणी म्हणेल, बालगंधर्वांविना गंधर्व मंडळीला अर्थ काय होता? आक्षेप खरा आहे. एकाच गळ्याभोवती उभारलेली कंपनी त्या गळ्याबरोबरच थकते. परंतु याच्या उलट उदाहरणही समोर आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्वांसमोर उभे राहिलेले केशवराव भोसले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वारले. त्यांची 'ललितकलादर्श' मात्र बापूराव पेंढारकरांनी थांबू दिली नाही. १९२२ मध्ये त्यांनी मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' आणले. गेलेल्या केशवरावांना शोधत न बसता कंपनीने नवे नाटक शोधले. माणूस गेला, तरी पुढचे काम सुचत राहिले तर कंपनी राहते.

आता पुन्हा आमच्या झाडीकडे वळू. इथे साथीदाराची कसोटी पुण्या-मुंबईपेक्षाही अवघड. कित्येक गावांत पुरुषांच्या भूमिका गावातलीच हौशी माणसे करतात; नट्या, पडदे आणि वादक बाहेरून येतात. ऑर्गनवाल्याला समोरच्या शेतकऱ्याच्या गळ्याची पट्टी त्याच संध्याकाळी कळते. काळी चार म्हणून सुरू केलेले पद दुसऱ्या ओळीलाच खाली घसरते, तेव्हा ऑर्गनची बोटे निमूटपणे खाली येतात. नट ओळ विसरला तर तबलजी आणखी दोन आवर्तने ठेका चालवतो आणि त्या बिचाऱ्याची लाज राखतो. प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. माझ्या मते संगीतातले खरे कसब हेच. द्रुत लय अनेकांना साधते. दुसऱ्याची चूक गाण्यातच विरघळवून टाकणे थोड्यांना साधते.

म्हणूनच मला काळजी वाटते ती नट-नट्यांच्या फोडाफोडीची नव्हे. माझ्या पाहण्यातल्या काही खेळांत आता मध्येच तयार ध्वनिमुद्रण लावून नाच होतात. ते स्वस्त पडते, मोठ्याने वाजते, टाळ्याही घेते. परंतु ध्वनिमुद्रण कुणासाठी थांबत नाही. ते पट्टी बदलत नाही, विसरलेल्या ओळीची वाट पाहत नाही. त्याच्यापुढे उभा राहणाऱ्या नव्या माणसाला जुन्याची नक्कलच करावी लागते. साथ जिवंत असते म्हणून संच बदलता येतो. ती गेली, की कंपनीचे नाव कितीही मोठ्या अक्षरांत रंगवा, आत उरतील ती एकमेकांना अनोळखी अशी चार माणसे.

परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीची मान ताठ झाली, आणि ते योग्यच झाले. आता त्या रंगभूमीच्या पायथ्याशी बसणाऱ्यांकडेही वळावे. कंपन्यांनी आपल्या फलकावर नायिकेच्या नावाखाली, निदान मध्यम अक्षरांत, ऑर्गन आणि तबला वाजवणाऱ्यांची नावे घालावीत. आणि रसिकहो, यंदा कंपनी तीच राहिली का, हे ठरवताना डोळे क्षणभर मिटून घ्या. नवा गायक अडखळला, तेव्हा साथ त्याच्याबरोबर थांबली का, एवढेच ऐका. थांबली असेल, तर खुशाल समजा की कंपनी तीच आहे.