कोशकार आणि शुद्धिकार

एकाच लेखकाच्या दोन ग्रंथांनीं परस्परांशीं वाद मांडावा, असा योग वाङ्मयांत विरळा. माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ सालचा, आणि 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ सालचा. पहिल्यानें मराठींत मुरलेल्या फार्शी शब्दांचें मूळ दाखवून दिलें. दुसऱ्यानें त्यांतील पुष्कळांना निरोप देण्याचा पक्ष घेतला. या कवीनें आपल्याच पूर्वीच्या कवितांतून फार्शी शब्द वेंचून काढले, इतका तो पक्ष निष्ठेचा होता. १९२८ पासून १९३९ पर्यंत ते कोल्हापुरांत राजाराम कॉलेजांत अध्यापक होते. तेव्हां हा वाद कोल्हापूरकरांच्या घरचाच म्हणावयाचा.

परभाषेनें मनुष्याची दृष्टि कशी घडते, याचें याहून स्वच्छ उदाहरण शोधूनच काढावें लागेल. उमर खय्यामाच्या रुबाया त्यांनीं मूळ फार्शीवरून मराठींत आणल्या त्या १९२९ सालीं. फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून केलेली 'द्राक्षकन्या' निघाली १९३१ सालीं. कवि एकच, परंतु वाट बदलतांच पुस्तक निराळें झालें. हें ज्यानें स्वतः अनुभविलें, त्याला भाषा म्हणजे विचारावर चढविलेला अंगरखा, असें वाटणें शक्य नव्हतें. 'गज्जलांजलि'नें १९३३ सालीं फार्शी वृत्तें मराठींत रुजविलीं, तीं याच कमाईवर.

शुद्धीचा पक्ष तुच्छ मानूं नये. राज्यकर्त्यांच्या भाषेखालीं आपला शब्द दडपला गेला, तर तो वर काढणें हें स्वाभिमानाचें काम होय. शिवकालांत रघुनाथ पंडितांनीं 'राज्यव्यवहारकोश' रचला, तो याच हेतूनें. परंतु आमच्या मतें या पक्षांत एक गल्लत होते. शब्द कोठून आला, हा कोशाचा प्रश्न. तो आज कोणाचा आहे, हा भाषेचा. दप्तर, कागद, शाई, हजेरी हे शब्द फार्शी-अरबी कुळांतले. त्यांत मराठी मुलाला परकें काय वाटतें? फळ्यावर 'दिनांक' लिहिणारे गुरुजीच घरीं 'आज तारीख किती?' म्हणून विचारतात. नवा शब्द आला, जुना गेला नाहीं. दोघांनीं कामें वांटून घेतलीं.

हा भेद शाळेंत फार जिव्हाळ्याचा होतो. शाहू महाराजांनीं निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढलीं, १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि या संस्थानांत अनेक घरांच्या बोलींना शाळेची वाट मोकळी झाली. एकाच्या घरीं दख्खनी, दुसऱ्याच्या घरीं कानडी. आणि 'अक्का', 'अण्णा' हीं कानडीचीं देणीं तर सर्वांच्याच तोंडीं. अशा वर्गांत शब्दाची शुद्धता त्याच्या कुळावरून ठरविली, तर मुलाला आपल्या आजीच्या बोलण्याची लाज वाटूं लागते. लाजलेलें मूल बोलत नाहीं. आणि जें बोलत नाहीं, त्याच्या मनांत काय चाललें आहे, हें शिक्षकाला कधींच कळत नाहीं.

याचा अर्थ कोवळ्या वयांत भाषांचें ओझें लादावें, असा मात्र नव्हे. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्याचे निर्णय महाराष्ट्र सरकारला २०२५ सालच्या जूनअखेर लोकमतापुढें मागें घ्यावे लागले, ही गोष्ट ताजी आहे. माधवरावांची फार्शी फळास आली, कारण ती मराठींत घट्ट रुजलेल्या मनांत पडली. मुळें धरल्यावांचून कलम बांधण्यांत शहाणपण नाहीं.

तेव्हां दोन्ही ग्रंथ शिक्षकाच्या संग्रहीं असावेत, असेंच आम्ही म्हणूं. 'विवेक' वाचून त्यानें आपल्या लेखणीला शिस्त लावावी. मुलांपुढें मात्र कोश उघडावा, आणि त्यांच्या घरचे शब्द कोठकोठून चालत आले, हें त्यांनाच शोधूं द्यावें.