शिवेवरची आई

मृत्यूला देव असणे आपल्या वाचकांना नवे नाही. यम, त्याचा रेडा आणि चित्रगुप्ताची वही मराठी भाषेत इतकी मुरली आहे की ख्रिस्ती घरांतही 'यमदूत' हा शब्द सहज तोंडी येतो. परंतु यम हा न्यायाधीश आहे. तो हिशेब मागतो. हिशेब न मागता मेलेल्या माणसाला आत घेणारी, त्याला बसायला जागा देणारी स्त्रीदेवता ही कल्पना निराळी आहे. तिच्याकडे लोक कसे पाहतात आणि तिच्याशी कसे वागतात, याचा विचार आपल्या नियतकालिकांतून व्हावा तितका होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशा दोन देवतांचा विचार करणार आहोत. एक उत्तर युरोपातील नॉर्स लोकांची हेल आणि दुसरी कोल्हापूर परिसरातील मरगाई. दोघींचे काही ऐतिहासिक नाते आहे असे आम्हांस सुचवावयाचे नाही. एकीच्या वाचनात जी चूक होते, तीच दुसरीच्या वाचनातही होते, एवढाच आमचा मुद्दा आहे.

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला असणाऱ्या तरुणांशी बोलताना हा विषय प्रथम आमच्या मनात आला. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीतील पुष्कळ तरुणांना हेल 'हेला' या नावाने ठाऊक आहे, आणि ती २०१७ साली आलेल्या 'थॉर : रॅग्नारॉक' या चित्रपटामुळे. मरगाई मात्र त्यांना आजीमुळे ठाऊक आहे. पहिलीचे त्यांना आकर्षण वाटते, दुसरीचा थोडा संकोच. दोघींविषयीची समजूत मात्र एकच आहे : मरणाची देवी म्हणजे मारणारी देवी. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

हेलचे सर्वांत सविस्तर वर्णन आइसलंडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याने १२२०च्या सुमारास रचलेल्या 'एड्डा' या ग्रंथात येते. आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तोवर दोन शतके उलटली होती आणि स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. त्याच्या कथनानुसार हेल ही लोकी आणि आंग्रबोदा यांची कन्या. ओडिन तिला खाली निफ्लहेममध्ये टाकतो आणि तिच्याकडे पाठविल्या जाणाऱ्यांना निवारा देण्याचे काम तिच्यावर सोपवितो. तिच्याकडे येतात ते आजाराने आणि म्हातारपणाने मेलेले. रणांगणावर पडलेल्या वीरांसाठी वल्हाल्लाची मेजवानी आहे, आणि अंथरुणावर खितपत गेलेल्यांसाठी हेलचे घर. तिचे अर्धे अंग काळे-निळे, अर्धे सजीव माणसाच्या रंगाचे. तिच्या ताटाचे नाव भूक, सुरीचे नाव उपासमार, पलंगाचे नाव रुग्णशय्या. हे वर्णन भयंकर आहे खरे. पण त्यात हेल कोणाला मारीत नाही, कोणाचा न्यायनिवाडा करीत नाही, कोणाला जाळीतही नाही. बाल्डर हा देवांचा लाडका पुत्र मरून तिच्याकडे येतो, तेव्हा ती त्याला मानाच्या आसनावर बसविते.

चित्रपटाला हे परवडण्यासारखे नव्हते. त्याला खलनायिका हवी होती. म्हणून केट ब्लँचेट या अभिनेत्रीने साकारलेली हेला ही लोकीची मुलगी न राहता ओडिनची पहिली संतती झाली, शिंगांचा मुकुट घालून सैन्याचा संहार करू लागली. घरात बसून येणाऱ्याला सामावून घेणारी देवता राज्य जिंकायला निघालेली योद्धी बनली. करमणुकीच्या मापाने यात वावगे काही नसेल. परंतु या रूपांतरात ज्यांच्यासाठी मूळ देवता होती ते लोकच गळून गेले. खोकून खोकून मेलेली म्हातारी, बाळंतपणात गेलेली सून, तापात गेलेले मूल यांना चित्रपटातील मृत्युदेवतेच्या राज्यात स्थान उरले नाही.

ही चूक केवळ चित्रपटवाल्यांची नाही. तिचा एक पदर आपल्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या, शब्दव्यवहारातही सापडतो. इंग्रजीतील 'हेल' हा नरकवाचक शब्द आणि या देवतेचे नाव एकाच जर्मानिक धातूतून आले आहेत. त्या धातूचा अर्थ झाकणे, दडविणे असा आहे. जुन्या नॉर्स काव्यांत हेल हे पुष्कळदा व्यक्तीऐवजी मृतांच्या स्थानाचेच नाव असते. इंग्लंडमध्ये बायबलची भाषांतरे झाली तेव्हा हिब्रू 'शेओल', ग्रीक 'हेडीस' आणि यरुशलेमबाहेरील दरीवरून आलेले 'गेहेन्ना' या तीन निरनिराळ्या शब्दांना १६११च्या भाषांतरात अनेक ठिकाणी हा एकच शब्द वापरला गेला. मृतांचे घर आणि दुष्टांची शिक्षा यांतील अंतर त्यामुळे पुसट झाले. मराठी बायबलने मात्र 'अधोलोक' आणि 'नरक' हे दोन शब्द वेगळे ठेवले, ही आपल्या भाषेच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट म्हणावी लागेल. प्रभू येशू मरणानंतर अधोलोकात उतरला, असे आपण विश्वासाच्या अंगीकारात म्हणतो तेव्हा तो शिक्षेच्या जागी गेला असे आपणांस म्हणावयाचे नसते. तो मृतांच्या भेटीस गेला असे म्हणावयाचे असते. गोव्याच्या कोकणी ख्रिस्ती बांधवांनी नरकाला 'यमकोंड' म्हटले, तेथेही जुन्या लोकधर्मातील घरधन्याचे नाव नव्या धर्माच्या शिक्षागृहाला मिळाले. शब्द उसना घेताना त्या शब्दात राहणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे.

आता मरगाईकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्यात मरगाई, मरगूबाई, मरीआई अशा नावांनी तिची ठाणी आहेत. बहुधा गावाच्या शिवेवर, लिंबाच्या झाडाखाली, शेंदूर लावलेला तांदळा एवढेच तिचे रूप. आषाढात तिची जत्रा असते. कोल्हापूर शहरात त्याच महिन्यात पंचगंगेचे नवे पाणी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन वाहतात. पावसाळा आला की नवे पाणी येते आणि पाण्याबरोबर पटकी येते, हा शेकडो वर्षांचा अनुभव त्या महिन्याच्या निवडीमागे असावा, असे आम्हांस वाटते. संस्कृतात 'मारी' म्हणजे साथ, आणि दक्षिणेत मारीअम्मन आहेच. तथापि केवळ नावाच्या उच्चारावरून देवतेचा स्वभाव ठरविणे धोक्याचे असते. वांद्र्याच्या डोंगरावरील माउलीला लोक 'मोत माउली' म्हणतात. त्यातील 'मोत' हा 'माउंट' या डोंगरवाचक शब्दाचा अपभ्रंश असावा, मरणाशी त्याचा संबंध नाही.

लोकांचे मरगाईशी असलेले नाते भीतीचे आहे, पण ते निव्वळ भीतीचे नाही. मराठीत एका रोगालाच 'देवी' म्हणत, आणि त्यावरची लस घेण्यालाही 'देवी टोचणे' म्हणत. रोग हा शत्रू म्हणून आला नाही, पाहुणी म्हणून आला. तिला दहीभात, आंबील द्यावी, हळदीकुंकू लावावे, साडीचोळी करावी आणि वाटेला लावावे, अशी ही रीत. यात हेलच्या घराची उलटी बाजू दिसते. तिथे देवी यजमान आहे आणि मेलेले पाहुणे. इथे देवी पाहुणी आहे आणि जिवंत माणसे यजमान. दोन्हीकडे मरणाशी व्यवहार होतो तो आतिथ्याच्या भाषेत. ज्या समाजाला औषध ठाऊक नव्हते, त्याने मरणाशी बोलण्यासाठी ही भाषा घडविली. तिला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याने ती समजत नाही.

मात्र येथे थांबून या देवतेचे गोडवे गाणे हीही तितकीच मोठी फसगत ठरेल. मरीआईचा गाडा हे त्याचे उदाहरण. साथ आली की लहानशा लाकडी गाड्यावर देवी बसवून तो गावाच्या शिवेपलीकडे लोटीत. शिवेपलीकडे रान असे, आणि रानापलीकडे दुसरे गाव. आपले मरण शेजाऱ्याच्या दारी सोडून येण्याचा हा विधी होता. ते गावही गाडा पुढे ढकली. शिवाय या देवीची सेवा गावाने कोणावर सोपविली होती? पोतराज होऊन स्वतःच्या अंगावर कोरडे ओढणारा मातंग समाजातला होता. तिचे ठाणे राखणारे, तिच्यापुढे नाचणारे पुष्कळदा महारवाड्यातले होते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात आषाढातील देवकार्ये, अंगात येणे, देवीला सोडलेला मुलगा यांचे जे चित्रण आहे, ते वाचल्यावर लोकदेवतांवर केवळ कौतुकाने लिहिणे कोणाही समीक्षकाला जड जावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर असंख्य घरांनी हे देव बाहेर काढले. त्या कृतीत देवीचा अपमान नव्हता. गावाने आपल्या मरणाचे ओझे आमच्या खांद्यावर ठेवू नये, अशी ती मागणी होती.

दुसऱ्यांच्या शिवेविषयी बोलताना आपली शीव विसरून चालणार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ख्रिस्ती वस्त्यांनी ठिकठिकाणी क्रूस उभे केले. त्यांतील कित्येक आजही वांद्रे, माझगाव, खोताची वाडी या भागांत दिसतात. ज्या गरजेतून मरगाईचे ठाणे शिवेवर बसले, तीच गरज या क्रुसांच्या मुळाशी होती. आणि ज्यांना शिवेबाहेर ठेवले असे मृत आपल्याकडेही होते. १९१७च्या धर्मविधिसंहितेने, ज्यांनी जाणूनबुजून स्वतःचा जीव घेतला त्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३च्या संहितेत तो नकार उरला नाही. म्हणजे अवघ्या काही दशकांपूर्वीपर्यंत, ज्यांना कोणी घेत नाही त्यांना घेणाऱ्या कुणा आईची आवश्यकता आपल्याही दफनभूमीच्या भिंतीबाहेर होती. 'नमो मारिया' या प्रार्थनेत आपण मरणाच्या घटकेला एका मातेला जवळ बोलावितो. तिच्याकडे निवाडा मागत नाही, सोबत मागतो. मरगाईपुढे नारळ ठेवणाऱ्या बाईचे आणि आपले दैवत निराळे आहे. परंतु त्या घटकेला कोणीतरी आईसारखे जवळ असावे, ही तळमळ निराळी नाही.

कागलच्या औद्योगिक पट्ट्यात या साऱ्याला आज नवा अर्थ आला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर शोधली होती. पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला वसलेली ही वसाहतही एका वाटेवरचीच आहे. येथे गावाची शीव कोठे संपते आणि कारखान्याचे कुंपण कोठे लागते, हे सांगणे कठीण. ओतकामाच्या भट्ट्यांवर आणि सूतगिरण्यांत परप्रांतांतून आलेले कामगार आहेत. त्यांची देवी त्यांच्या गावच्या शिवेवर राहिली. २०२० आणि २०२१ या वर्षांत साथ आली तेव्हा अनेकांच्या वाट्याला नातलगांवाचूनचे मरण आले, आणि नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांनी त्यांच्या चितांना अग्नी दिला. तमिळनाडूत कोइमतूर येथे २०२१ साली 'कोरोना देवी'ची मूर्ती बसविण्यात आली, तेव्हा सुशिक्षितांनी तिची थट्टा केली. गाडा शेजारच्या गावी लोटण्याची जुनी रीत मात्र, आजारी भाडेकरूला खोली सोडायला लावणाऱ्यांच्या रूपाने, सुशिक्षित वस्त्यांतही दिसली. तिची थट्टा कोणी केली नाही.

बाल्डरच्या कथेत हेल त्याला परत सोडण्यास तयार होते. तिची अट सोन्याची किंवा बळीची नाही. जगातील प्रत्येक वस्तूने त्याच्यासाठी रडावे, एवढीच आहे. सारे रडतात, एकटी थोक्क नावाची राक्षसी नकार देते आणि बाल्डर खालीच राहतो. मृतांच्या देवतेला काय हवे असते, याचे याहून नेमके उत्तर आम्हांस अन्यत्र आढळले नाही. बाल्डर राजपुत्र होता, म्हणून त्याच्यासाठी सारे जग रडू शकले. हेलच्या घरातील बाकीच्यांसाठी कोणी दूत पाठविला नाही.

नोव्हेंबर महिन्यात आपण मिस्सासाठी आपापल्या घरच्या मृतांच्या नावांच्या याद्या धर्मगुरूंकडे देतो. त्या यादीच्या शेवटी एक ओळ आणखी लिहिता येईल : जे परक्या गावी, कोणाच्या नकळत गेले, त्यांच्यासाठी. मरगाईला आपण मानीत नाही आणि मानावयाचेही नाही. पण तिच्या ठाण्यापुढे गावाने ज्यांना सोडून दिले होते, त्यांची नावे आपल्या यादीत असावयास हरकत नाही.