झिंकचा शोध लावणारा पेपर, ज्यात झिंक मोजलंच नव्हतं

“माणसातली झिंकची (जस्ताची) कमतरता आनंद प्रसाद यांनी १९६१ साली शोधून काढली.” हे वाक्य माझ्या पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये आहे, संदर्भासकट. आणि तो पेपर मी अख्खा वाचला गेल्या आठवड्यात! तुम्हीही हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रिव्ह्यूमध्ये वाचलं असेल, म्हणून आत खरं काय आहे ते सांगते.

शीर्षकात झिंक नाहीच. लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय, वाढलेलं यकृत आणि प्लीहा, खुंटलेली लैंगिक वाढ, ठेंगणेपणा, माती खाणं अशी लक्षणांची रांग आहे. बिहारमध्ये जन्मलेले, पाटण्यात डॉक्टर झालेले प्रसाद तेव्हा इराणमध्ये शिराझला होते. पहिला रुग्ण २१ वर्षांचा, पण दिसायला दहाचा. जेवण म्हणजे बिनखमिराची गव्हाची रोटी, वर रोज अर्धा किलोच्या आसपास माती. असे एकूण ११ जण.

रक्तक्षयाचं निदान झालंच होतं. लोहाच्या गोळ्या देऊन फाइल बंद करता आली असती. प्रसाद मात्र अडून बसले, आणि मला पेपरचं खरं बळ तिथेच वाटतं. लोह कमी पडलं म्हणून प्राण्यांची वाढ आणि वृषणं अशी खुंटत नाहीत, झिंक कमी पडलं की खुंटतात. म्हणून त्यांनी झिंकची शंका नोंदवली. शंका, बरं का.

आता दुबळी बाजू. रुग्णांना लोह दिलं आणि त्याच वेळी हॉस्पिटलचं सकस, प्राणिज प्रथिनांचं जेवणही. रक्तक्षय गेला, लैंगिक वाढ सुरू झाली. श्रेय कुणाचं? लोहाचं, मांसातल्या झिंकचं, की पोटभर जेवणाचं? लोहाच्या गोळीतच थोडं झिंक मिसळलेलं असेल तर? तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे पेपरवरून काहीच ठरवता येत नाही.

मोजमाप झालं इजिप्तमध्ये. १९६३ च्या पेपरात प्लाझ्मा, लाल पेशी आणि केस, तिन्हींत झिंक कमी सापडलं. तिथले रुग्ण माती खात नव्हते, म्हणजे सगळा दोष मातीचा नव्हता. पुढे १९६७ मध्ये झिंक दिलेल्यांची उंची नुसतं लोह किंवा नुसतं चांगलं जेवण मिळालेल्यांपेक्षा भराभर वाढलेली दिसली. गट छोटेच, पण प्रश्न नेमका विचारलेला. संदर्भ द्यायचा तर या दोन पेपरांचा द्यावा.

१९६१ चं वाक्य नुसतं कॉपी केलं की रोटी मागे पडते. गव्हात झिंक असतं हो! पण कोंड्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं आणि आतड्यातून ते पुरेसं शोषलं जात नाही. पीठ आंबवलं की फायटेट बऱ्यापैकी तुटतं. म्हणजे ताटात किती मिलिग्रॅम झिंक आहे यावरून शरीराला किती मिळालं ते कळत नाही.

माझ्या आहार-प्रश्नावलीत मात्र ‘चपाती किती, भाकरी किती’ एवढंच आहे. आंबील, इडली, घावन सगळं ‘धान्य’ या एकाच रकान्यात. साठ घरांची माहिती गोळा करून झालीय. परत त्याच घरांत जाऊन “ताई, पीठ रात्री भिजवता का?” असं विचारावं लागणार. गाइडना अजून सांगितलेलं नाही.