आंब्रवाज पारे : एका शस्त्रवैद्याचें गद्य

वैद्यकाचे ग्रंथ लवकर शिळे होतात. चारशें वर्षांपूर्वींचें काव्य आपण आजही आवडीनें वाचतों. त्याच काळचा औषधींवरील ग्रंथ मात्र कपाटांत धूळ खात पडतो, आणि त्यांत कोणाचा दोष आहे असेंही नाहीं. सोळाव्या शतकांतील फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे याचे ग्रंथ या नियमाला अपवाद कां ठरावे, हा प्रश्न त्याचें लेखन वाचतांना आमच्यापुढें वारंवार उभा राहिला. त्याचीं बहुतेक औषधें आज कोणी वापरणार नाहीं. त्याच्या कित्येक समजुती ऐकून शाळेंतलें मूलही हंसेल. तरीही १५८५ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें ‘समर्थन व प्रवास’ हें प्रकरण एकदां हातीं घेतलें म्हणजे खालीं ठेववत नाहीं. असें कां व्हावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

पारेचा जन्म सुमारें १५१० सालीं लावाल शहराजवळ झाला. त्या काळीं फ्रान्समध्यें रोग्यांची सेवा करणाऱ्यांच्या तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वर लॅटिन जाणणारे वैद्य; ते नाडी पाहत, औषध सांगत, परंतु शस्त्राला हात लावणें कमीपणाचें मानीत. त्यांच्या खालीं सें-कोम संघाचे शस्त्रवैद्य, आणि सर्वांत खालीं श्मश्रु करतां करतां गळूं फोडणारे, रक्त काढणारे न्हावी. पारे या शेवटच्या पायरीवरचा. लॅटिन त्याला येत नव्हतें. पॅरिसच्या ओतेल-द्य या जुन्या रुग्णालयांत कांहीं वर्षें काढून तो सैन्याबरोबर निघाला. पुढें चार राजांच्या पदरीं तो शस्त्रवैद्य होता आणि १५९० च्या डिसेंबरांत पॅरिसमध्यें वारला. चरित्राची रूपरेषा एवढीच. त्यांतील रंग त्यानें स्वतःच्या लेखणीनें भरले आहेत.

त्यांतला पहिला प्रसंग १५३७ च्या सुमाराचा, तुरीनच्या मोहिमेंतला. बंदुकीची जखम विषारी असते, म्हणून तींत उकळतें तेल ओतावें, असें इटालियन शस्त्रवैद्य व्हिगो याच्या ग्रंथांत सांगितलें होतें. नवशिक्या पारेनें त्याप्रमाणें चालविलें. एके दिवशीं तेल संपलें. निरुपायानें त्यानें उरलेल्या शिपायांच्या जखमांना अंड्याचा बलक, गुलाबाचें तेल व टर्पेंटाइन यांचा लेप लावला. त्या रात्रीं त्याला झोंप आली नाहीं. तेल न मिळालेले शिपाई विषानें मेलेले आढळतील या भीतीनें तो पहांटेसच उठून गेला. पाहतो तों त्यांच्या जखमांना फारशी वेदना नाहीं, सूज नाहीं. ज्यांना तेल मिळालें होतें ते मात्र तापानें व ठणक्यानें तळमळत होते. यापुढें जखमी माणसाला असें क्रूरपणें जाळावयाचें नाहीं, हा निश्चय त्यानें तेथेंच केला.

ही हकीगत वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासांत येते, आणि ती पारेच्या शोधाची हकीगत म्हणून सांगितली जाते. आम्हांला तींतली बिनझोंपेची रात्र अधिक महत्त्वाची वाटते. तेल संपणें हा योगायोग होता. तसा तो इतर छावण्यांतही पुष्कळदां घडला असेल. परंतु आपल्या हातून चूक झाली असेल या शंकेनें ज्याची झोंप उडाली, आणि सकाळीं डोळ्यांनीं जें दिसलें तें ग्रंथापेक्षां ज्यानें मोठें मानलें, असा माणूस त्या छावणींत होता, हा मात्र योगायोग नव्हे. शिवाय त्यानें ही गोष्ट लिहून ठेविली, आपल्या भीतीसकट आणि अज्ञानासकट. १५४५ सालीं बंदुकीच्या जखमांवर त्याचें पहिलें पुस्तक निघालें, आणि तें फ्रेंच भाषेंत होतें.

ज्ञान कोठूनही घ्यावें आणि तें लपवूं नये, हा त्याचा बाणा त्या काळच्या धंद्याच्या रीतीविरुद्ध होता. तुरीनमध्यें एक शस्त्रवैद्य एका गुप्त मलमाबद्दल प्रसिद्ध होता. पारेनें दोन वर्षें त्याची मनधरणी करून तें मिळविलें. कुत्र्याचीं नुकतीं जन्मलेलीं पिल्लें तेलांत उकळून त्यांत गांडुळें व टर्पेंटाइन मिसळावें, असा तो प्रकार होता! मलम निरुपयोगी, हें आपण आज जाणतों. परंतु दोन वर्षें खर्चून मिळविलेलें गुपित पारेनें छापून सर्वांच्या हवालीं केलें. भाजल्यावर कच्चा कांदा मिठासह ठेंचून लावावा, हें त्याला एका म्हातारीनें सांगितलें. त्यानेंही तें हंसण्यावारी नेलें नाहीं. दारूनें तोंड भाजलेल्या एका शिपायाच्या अर्ध्या तोंडावर त्यानें कांदा लावला, अर्ध्यावर नेहमींचें औषध लावलें, आणि दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. पंडितांच्या सभेंत ज्या म्हातारीला कोणी उभें केलें नसतें, तिला पारेच्या ग्रंथांत जागा मिळाली.

त्याचें सर्वांत मोठें कार्य म्हणून अवयव कापल्यावर लाल तापलेल्या लोखंडानें डागण्याऐवजीं रक्तवाहिन्या दोऱ्यानें बांधण्याच्या पद्धतीचा उल्लेख होतो. शीर बांधण्याची कल्पना प्राचीनांस ठाऊक होती, आणि त्याचें श्रेय पारे स्वतःच गालेनला देतो. १५५२ सालीं दांव्हिलेच्या वेढ्यांत एका सरदाराचा पाय कापतांना त्यानें ती प्रत्यक्षांत आणली. तो सरदार आगींतून स्वस्तांत सुटलों म्हणत लांकडी पाय लावून घरीं गेला. १५६४ सालच्या ग्रंथांत पारेनें ही रीत उघड मांडली. ती सर्वत्र रूढ होण्यास फार काळ लागला. जखम कुजूं नये म्हणून लिस्टरनें आपली पद्धति १८६७ सालीं प्रसिद्ध केली, तोंपर्यंत बांधलेला दोराही कित्येकदां घातक ठरे. तेव्हां पारेनें शस्त्रक्रिया एका रात्रींत बदलली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल.

या पद्धतीवर १५८० सालीं एतिएन गुर्मलां या पंडित वैद्यानें लॅटिन ग्रंथांतून टीका केली. तिला उत्तर म्हणून ‘समर्थन व प्रवास’ जन्माला आलें. आरंभीं पारे प्राचीनांचीं वचनें जुळवितो. तेथें त्याची लेखणी अडखळते. मग तो वाद सोडून देतो आणि आपण कोणकोणत्या वेढ्यांत होतों, काय पाहिलें, हेंच सांगूं लागतो. जणूं प्रतिपक्षाला विचारतो कीं, बाबा रे, हें सारें तूं कोणत्या खुर्चींत बसून पाहिलेंस? येथून त्याचें गद्य जिवंत होतें. तुरीनजवळ तबेल्यांत होरपळलेले शिपाई भिंतीला टेकून पडले आहेत. ते बरे होणार नाहींत असें पारेच्या तोंडून ऐकतांच एक म्हातारा शिपाई शांतपणें त्यांचे गळे चिरतो. पारे त्याला दुष्ट म्हणतो. आपल्यावर अशी वेळ आली तर कोणीतरी आपल्यासाठीं हेंच करावें, अशी देवापाशीं प्रार्थना असल्याचें तो उत्तर देतो. पारे यावर भाष्य करीत नाहीं. दुसरीकडे, १५६९ सालीं मोन्स शहराजवळ महिनेंमहिने मांडीच्या जखमेनें खंगलेल्या एका उमरावाला झोंप यावी म्हणून तो कढईंत थेंबथेंब पाणी पाडून पावसाचा आवाज करवितो, आणि पुढें त्याच्या करमणुकीसाठीं वाजंत्री व विदूषक बोलावतो. अलंकार एकही नाहीं; पाहणाऱ्याचा डोळा मात्र सर्वत्र आहे.

भाषेचा वाद याहून कडाक्याचा झाला. एकनाथांनीं १५७३ सालीं काशींत आपलें मराठी भागवत पुरें केलें, आणि तेथील पंडितांनीं प्राकृतावरून त्यांना अडविल्याची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १५७५ सालीं, पारेचे समग्र ग्रंथ पॅरिसमध्यें निघाले, तेव्हां तेथील वैद्यपंडितांनीं त्यांवर बंदी मागितली. आक्षेप पुष्कळ होते. परंतु वैद्यांची विद्या लॅटिन न जाणणाऱ्या माणसानें लोकांच्या भाषेंत उघडी करावी, हें खरें शल्य होतें. बंदी टिकली नाहीं. १५७९ सालीं दुसरी आवृत्तिही निघाली. आयुष्यभर परभाषेंतून शिकलेल्या व शिकविलेल्या आमच्यासारख्या प्राध्यापकाला हें प्रकरण वाचतांना थोडें ओशाळल्यासारखें होतें. पारेला लॅटिन येत नव्हतें म्हणून तो फ्रेंचमध्यें लिहिता झाला. आम्हांला इंग्रजी येतें ही सबब आम्ही किती दिवस सांगणार?

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. १५७३ सालच्या राक्षसी जन्मांवरील पुस्तकांत त्यानें ऐकीव व वाचीव चमत्कारांची अक्षरशः खोगीरभरती केली आहे. हाच माणूस १५८२ सालीं ममीचें चूर्ण व एकशिंग्याचें शिंग यांची औषध म्हणून टर उडवितो, तेव्हां आश्चर्य वाटतें. परंतु यांत एक सूत्र आहे: जें त्यानें स्वतः वापरून पाहिलें तेथें तो अढळ आहे, जें केवळ पुस्तकांतून उचललें तेथें तो आपल्या प्रतिपक्ष्यांइतकाच भोळा ठरतो.

याहून गंभीर दोष विषांवरील प्रकरणांत सांपडतो. नवव्या शार्ल राजाजवळ सर्व विषांवर उतारा म्हणून मिळालेला एक खडा होता. असा सार्वत्रिक उतारा असूं शकत नाहीं असें पारेनें सांगितलें, आणि एखाद्या देहान्ताची शिक्षा झालेल्या माणसावर प्रयोग करून पाहावा, असेंही सुचविलें. चांदीच्या दोन थाळ्या चोरणारा एक आचारी फांशी जावयाचा होता. जगण्याच्या आशेनें तो कबूल झाला. त्याला विष दिलें, खडा दिला. सुमारें सात तासांनीं तो भयंकर यातनांनीं मेला. पारेनें शेवटीं तेल पाजून त्याला वांचविण्याचा प्रयत्न केला, मग त्याचें प्रेत फाडून पाहिलें, आणि हें सर्व तितक्याच स्वच्छ भाषेंत लिहून ठेविलें. अनुमान अचूक होतें. पण तुरीनच्या शिपायांसाठीं ज्याची झोंप उडाली, त्याला या आचाऱ्यानें एखादी रात्र तरी जागविलें काय? ग्रंथांत त्याची खूण नाहीं. काळच तसा होता, हें उत्तर आम्हांला पुरेसें वाटत नाहीं. कारण त्याच काळाला उकळत्या तेलाचेंही कांहीं वाटत नव्हतें, आणि तेथें पारे काळाच्या पुढें गेला होता.

मलमपट्टी आपण केली, बरें देवानें केलें, अशा अर्थाचे उद्गार तो ठिकठिकाणीं काढतो. लोक त्यांत विनय पाहतात. आम्हांला त्यांत एक हिशेब दिसतो: आपल्या हातचें काय आणि हाताबाहेरचें काय, याची रोख नोंद. त्या हिशेबाच्या वहींत त्यानें आपली नामुष्कीही खोडली नाहीं. आचाऱ्याची गोष्ट त्यानें स्वतः लिहिली नसती, तर त्याच्यावर आरोप ठेवावयास आम्हांला आज आधारच मिळाला नसता. ज्याच्या ग्रंथांतून त्याच्याविरुद्ध साक्ष काढतां येते, त्या लेखकावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. आणि म्हणूनच औषधें शिळीं झालीं तरी पारे शिळा झाला नाहीं.